अठ्ठावीस ग्रॅम

"त्या पावात काय हिरे शोधून राहिले तुम्ही?" निर्मलाने विचारलं.

 माझ्या उजव्या हातात चिमटा होता आणि श्वास रोखून धरलेला होता. जेवणाच्या टेबलावर माझा काचेच्या पेटीतला काटा मांडलेला, एका पारड्यात पितळी वजनं, दुसऱ्यात पनीरचे तुकडे. सँडविच मी उघडून त्याचे सगळे अवयव वेगळे केले होते. काकडी एका बशीत, टोमॅटो दुसरीत, कांदा तिसरीत. पनीरचा प्रत्येक तुकडा टिपकागदावर पुसून मगच पारड्यात जात होता, कारण चटणीचं वजन पनीरच्या नावावर चढता कामा नये.

"सत्तर," मी म्हणालो आणि वहीत टिपून घेतलं. "काल अठ्ठ्याण्णव होतं."

"बरं मग?"

"मग काय? आज मंगळवार. आज यांचं एकावर एक फुकट. एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात. सापडले की नाही?"

निर्मलाने बशांकडे पाहिलं, काकडीचा एक काप उचलून तोंडात टाकला आणि आत निघून गेली. पुराव्यातली काकडी होती ती. पण काकडीचा प्रश्न नव्हता, म्हणून मी सोडून दिलं.

ही बारा वर्षांपूर्वीची, नागपुरातली गोष्ट. मी, मधुकर देवतळे, एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. किराण्याच्या दुकानापासून सोनारापर्यंत किती काटे तपासले त्याची गणती नाही. ज्याचा काटा तपासायचा त्याच्या दुकानात चहा घ्यायचा नाही, हा माझा नेम. चहा कसला, मी पाणीसुद्धा घरून न्यायचो. इतवारीच्या बाजारातले व्यापारी पाठीमागे मला 'कोरडा' म्हणायचे आणि खोटं कशाला सांगू, मला ते नाव आवडायचं. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या मंडळींनी हा काचेच्या पेटीतला काटा भेट दिला. त्याची पडताळणी करून त्यावर शिक्का मीच मारला. नोकरीतला तो माझा शेवटचा शिक्का.

नंतर एका दैनिकाच्या गुरुवारच्या पुरवणीत मी 'तोलूनमापून' नावाचं सदर लिहायला लागलो. वीस टक्के जादा म्हणून विकल्या जाणाऱ्या टूथपेस्टमध्ये खरंच वीस टक्के जादा असते का, बिस्किटाचा पुडा तेवढाच राहून आतली बिस्किटं कशी कमी झाली, असलं लिहायचो. लोक वाचत होते. रस्त्यात थांबवून विचारत होते. निवृत्त माणसाला याहून जास्त काय लागतं?

वाचकांचीच पत्रं आली की धरमपेठेतल्या त्या परदेशी सँडविचवाल्यांची मंगळवारची योजना तपासा. नाव सांगत नाही, त्या साखळीची दुकानं अजून जागोजाग आहेत. मंगळवारी तिथे कॉलेजच्या पोरांची रांग रस्त्यापर्यंत यायची. खरंच फायदा होतो की नुसता भुलभुलैया, हा प्रश्न होता.

दुकान मला नवीन नव्हतं. चार महिने मी दर सोमवारी वाचनालयातून परतताना तीनच्या सुमाराला तिथे टेकत होतो. पहिल्यांदा गेलो तो एसीसाठी. पुढे प्रणितासाठी जायला लागलो, म्हणजे तिच्याशी चार शब्द बोलायला. प्रणिता ढोबळे काउंटरच्या मागे सँडविच बनवायची आणि मालाच्या कोठीची किल्ली तिच्याकडे असायची. पस्तिशीची, मूळची हिंगणघाटची. नवरा गेलेला. सातवीतली मुलगी श्रुतिका आईकडे हिंगणघाटला आणि ही इथे एका खोलीत आणखी तिघींबरोबर. दिवाळीनंतर तिला शाखाप्रमुख करायचं मालकाच्या मनात होतं. ते झालं की दोन खोल्या भाड्याने घेऊन मुलीला आणायची, शाळासुद्धा बघून ठेवली होती. दर सोमवारी मी विचारायचो, काय झालं बढतीचं? ती म्हणायची, होऊन राहिली काका, होऊन राहिली.

आमची ओळख कशी झाली तेही सांगायला हवं. दुसऱ्याच सोमवारी मला काउंटरपलीकडे दिसलं की ज्या टेबलावर त्यांचा पनीर मोजायचा काटा ठेवला होता, त्याचा एक पाय आखूड आहे. काटा कललेला. दर महिन्याला कोठीत माल कमी भरायचा आणि मालकाची बोलणी हिला खावी लागायची. मी आत गेलो, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, काटा समपातळीत आणला आणि बाहेर आलो. दोन मिनिटांचं काम. त्या महिन्यापासून हिशेब बरोबर जुळायला लागला. मी विसरूनही गेलो होतो.

तर मी रीतसर तपासणी केली. तीन सोमवारची सँडविचं, तीन मंगळवारची. सोमवारी नेहमीप्रमाणे प्रणिता द्यायची, मी घरी न्यायचो. मंगळवारी गर्दीत ती पैसे घ्यायला बसायची आणि बनवायला दुसरी पोरं असायची. सरासरी फरक निघाला अठ्ठावीस ग्रॅम. मी लेख लिहिला. मंगळवारी मिळणारं दुसरं सँडविच फुकट नाही, ते तुमच्याच दोन्ही सँडविचमधून कापून घेतलेलं आहे, असं शेवटचं वाक्य होतं. आकडे चौकटीत छापले. गुरुवारी सकाळपासून फोन वाजत होता. माझ्याच हाताखाली शिकलेला उईके आता निरीक्षक झाला होता, त्याचाही फोन आला. म्हणाला, साहेब, आम्हाला जे जमत नाही ते तुम्ही घरबसल्या करून राहिले. मी दिवसभर फुशारून घरात फिरत होतो.

सोमवारी दुकानात गेलो तो काउंटरवर मालक मोहता स्वतः. साखळीचं नाव घेऊन ही शाखा ते चालवायचे, पण एरवी महिन्यातून एकदा दिसायचे. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ते हात जोडून उठले आणि मला कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन गेले.

"देवतळेजी, तुम्ही माझे डोळे उघडले," ते हळू आवाजात म्हणाले. "माप आमचं तुकड्यांचं, ग्रॅम मी कधी मोजले नाहीत. पण मंगळवारसाठी पनीर पूर्ण पाठवतो. माझी पावती आहे. मग ते अठ्ठावीस-अठ्ठावीस ग्रॅम जातात कुठे? कोठीची किल्ली एकीच्याच हातात होती."

मी काउंटरकडे पाहिलं. प्रणिता केसांना जाळी बांधून पाव कापत होती. तिने एकदा मान वर केली आणि परत खाली घातली. मोहता सांगत होते की किल्ली काढून घेतली आहे, पुढच्या सोमवारी कंपनीचा अधिकारी मुंबईहून येतो आहे आणि तोपर्यंत तिला ठेवलं आहे ते केवळ तपासासाठी. बाहेर पनीर विकत असणार, दुसरं काय? शाखाप्रमुख करायला निघालो होतो, वाचलो तुमच्यामुळे.

मी काही न खाता घरी आलो. निर्मलाला सगळं सांगितलं. म्हणालो, ती चोर वाटत नाही गं, पण वजन खोटं बोलत नाही. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. एवढंच विचारलं की सोमवारची तिन्ही सँडविचं त्याच बाईच्या हातची होती का. मी हो म्हणालो. मला त्यात काहीच दिसलं नाही.

बुधवारी दुपारी ती कुठेतरी जाऊन आली आणि माझ्यापुढे त्या दुकानाची कागदी पिशवी ठेवली.

"तीच होती," निर्मला म्हणाली. "केसांना जाळी, गालावर तीळ. तिनेच बनवलं. आज बुधवार आहे, आज काही फुकट नाही. आणि मला तिथे कोणी ओळखत नाही. करा वजन."

मी काटा मांडला. तुकडे पुसले. सत्तर. परत केलं, सत्तर. वजनं बदलून तिसऱ्यांदा केलं. मग चिमटा खाली ठेवला आणि खुर्चीत बसलो. 

आमच्या खात्यात नव्या निरीक्षकाला पहिल्या दिवशी शिकवतात की तपासणीचा माल कधी स्वतः घेऊ नका. दुकानदार ज्याला ओळखत नाही अशा माणसाला पाठवा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला मिळालेलं वजन हे वजनच नव्हे. उईकेला हे मी पन्नास वेळा घोकून घेतलं होतं. आणि मी स्वतः, निवृत्त झालो, आता मला कोण ओळखतो म्हणून तीन सोमवार स्वतःच्या पायाने गेलो. मंगळवारचं सत्तर हेच बरोबर वजन होतं. जास्त होतं ते माझं सोमवारचं. चोरी कुठेच नव्हती. माप न करता कोणी तरी मला द्यायचं आणि मी खायचो.

तसाच उठून दुकानात गेलो. प्रणिताची सुट्टीची वेळ होती. मागच्या दारापाशी, रिकाम्या क्रेटवर बसून ती पाणी पीत होती. मला पाहून उठायला लागली, मी तिला बसवलं आणि समोरच्या क्रेटवर बसलो.

"सोमवारी माझ्या सँडविचमध्ये किती तुकडे घालायची?"

तिने बाटलीचं झाकण लावलं, परत उघडलं. "चौदा."

"आणि नियम?"

"दहाचा."

"मग वरचे चार कुठून यायचे?"

"माझ्यातले," ती म्हणाली. "आम्हाला पाळीत एक सँडविच मिळते ना जेवणाचं. मी माझं सहा तुकड्यांचं बनवायची. कंपनीचं काहीच नाही घेतलं काका. हिशेब बघा, कोठी बरोबर निघते."

"पण काहून?"

"मला पनीर आवडतच नाही. रबर चावल्यावानी लागते. वाया जाण्यापरीस तुम्हाला." तिने बाटली खाली ठेवली. "आणि तुम्ही त्या टेबलाखाली पुठ्ठा घातला नसता तर मला मार्चमध्येच काढलं असतं."

 मी म्हणालो, हे सगळं मोहतांना सांगून टाक. तिने मान हलवली. गिऱ्हाइकाला मापापेक्षा जास्त देणं ही कंपनीच्या भाषेत चोरीच, तिने समजावलं. मागच्या वर्षी एका पोराने मित्राला चीजची एक चकती जास्त घातली, तो त्याच संध्याकाळी घरी गेला. सांगितलं तर सोमवारचं पनीर वाटलं म्हणून जाणार, नाही सांगितलं तर मंगळवारचं पनीर विकलं म्हणून जाणार. आईला तिने अजून कळवलं नव्हतं. श्रुतिकाने वर्गातल्या मैत्रिणींचा निरोप घेऊन ठेवला होता.

"तुमची काही चूक नाही काका," ती म्हणाली. "जे वजन आलं तेच तुम्ही लिहिलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकतीस वर्षांत कुणाच्या दुकानातलं पाणी न प्यालेला मी, चार महिने एका बाईच्या ताटातलं खात होतो आणि वर त्याचं वजन करून पेपरात छापलं होतं.

तिथून दैनिकाच्या कचेरीपर्यंत चालत गेलो. अर्धा तास लागला असेल. वाटेत मी खुलासा मनात लिहून पाहिला. ओळखीच्या गिऱ्हाइकाला जास्त मिळालं, असं खरं खरं लिहावं, तर ओळख कुणाची, सोमवारी काउंटरवर कोण होतं, हे मोहतांना दुसऱ्या मिनिटाला कळलं असतं. नाव न घेताही ते नाव छापल्यासारखंच होतं. लिहावंच नाही, तर ती चोर ठरत होती. दोन्हीकडून तीच जात होती. मधे एकच वाट होती आणि ती माझ्या काट्यावरून जात होती.

पुरवणीचे संपादक तिजारे यांनी माझा कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"देवतळे साहेब, खरंच असं झालं?"

"झालं."

"हे छापल्यावर सदर चालू ठेवता येणार नाही मला."

"नका ठेवू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावर तळाला चौकट आली. 'मागील लेखातील सोमवारची वजने चुकीची आहेत. माझ्या काट्यात दोष होता व तो वापरण्यापूर्वी मी तपासला नाही. संबंधित दुकानात सर्व दिवशी सारखेच माप मिळते. मंगळवारची योजना वाचकांना फायद्याचीच आहे. क्षमस्व. म. रा. देवतळे.' सहाच ओळी होत्या. मी त्या वाचल्या आणि पेपर उलटा घालून ठेवला.

निर्मलाने तो सरळ करून वाचला. म्हणाली, "खोटं बोलता येतं म्हणायचं तुम्हाला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आज कळलं." आणि कधी नव्हे ती दुपारी माझ्यासाठी शिरा करायला गेली.

फोन त्या दिवशीही वाजले. इतवारीतून दोन-तीन जुन्या व्यापाऱ्यांचे आले, साहेब आमचा दंड परत द्या म्हणून हसत होते. तेवढं मी सोसलं. संध्याकाळी उईकेचा आला.

"साहेब, तो काटा तर तुम्हीच शिक्का मारलेला."

"हो."

"मग?"

"मग चुकला."

 'बरं साहेब' म्हणून त्याने फोन ठेवला. त्या दोन शब्दांनी मला जे लागलं ते इतवारीतल्या सगळ्या हसण्याने लागलं नव्हतं. पोटच्या पोरासारखा शिकवला होता मी त्याला. मला त्याला सांगावंसं वाटत होतं, अरे, काटा बरोबर आहे, अजूनही केसभर हलत नाही. पण सांगितलं नाही. त्या दिवाळीला त्याचा फोन आला नाही.

मुंबईचा अधिकारी सोमवारी आला, त्याने सोमवारीही मोजलं आणि मंगळवारीही मोजलं. दोन्ही दिवशी सत्तर. कोठी चोख. मोहतांनी किल्ली परत दिली, असं कानावर आलं. मी तिकडे फिरकलो नाही. लाज वाटत होती आणि कसली ते नीट सांगता येत नव्हतं. शेवटी दिवाळी उलटून गेल्यावर निर्मलाच म्हणाली की सोमवारी घरात बसून माझं डोकं खाता, जा तिकडे.

प्रणिता काउंटरच्या बाहेर उभी राहून एका नव्या मुलीला काम समजावत होती. छातीवर बिल्ला होता, शाखाप्रमुख. मला पाहून ती आत गेली, हात धुतले आणि माझं सँडविच स्वतः बनवायला घेतलं. पनीरचा एकेक तुकडा ठेवताना मला ऐकू येईल असं मोजत होती. दहावर थांबली. वर पाहिलं.

"बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

मी पैसे दिले आणि नेहमीच्या टेबलाशी बसलो. पहिला घास घेतो न घेतो तो ती समोर येऊन उभी राहिली. हातात स्टीलचा डबा. जेवणाची सुट्टी आहे, बसू का म्हणाली आणि बसली. श्रुतिका परवाच आली होती. दोन खोल्या मिळाल्या होत्या, गॅस कालच लागला होता आणि नव्या घरात पहिला स्वयंपाक आज सकाळी झाला. हे सांगत सांगत तिने डबा उघडला. पोळ्या होत्या आणि मटार-पनीरची भाजी. पनीर मटारपेक्षा जास्त.

"श्रुतिकाने मागितली," ती म्हणाली. "आमच्या दोघींची आवडती."

मी भाजीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"तुला तर पनीर आवडत नाही."

"कोण म्हणते?"

"तूच म्हणाली होतीस. मागे, क्रेटवर बसून."

तिने पोळीचा तुकडा मोडला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तुमचा काटा बिघडला होता, हे कोण म्हणते?"

 तिने डब्याचं झाकण उलटं केलं, त्यावर एक पोळी ठेवली, भाजी वाढली आणि माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, हे कंपनीचं नाही, घरचं आहे. भाजी किती वाढली ते तिने मोजलं नाही, मीही मोजलं नाही. मी ती संपवली आणि झाकण परत तिच्यापुढे केलं.